नर्तकी केवढी आहे? संग्रहालय आणि वर्ग यांच्या मधल्या जागेत शिकवताना

ओसरी (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ९:१०

गेली अकरा वर्षे मी एका संग्रहालयाच्या शिक्षण विभागात काम करते आणि त्याआधी सहा वर्षे एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते. माझ्या आताच्या कामाला मराठीत रुळलेले नाव नाही. नियुक्तिपत्रात ‘शिक्षण अधिकारी’ असे लिहिलेले आहे, शाळांचे शिक्षक ‘गाईड मॅडम’ म्हणतात आणि मुले सरळ ‘बाई’ म्हणतात. या तिन्हींपैकी शेवटचे मला सर्वांत आवडते, कारण त्यात शाळा सुटल्याची हुरहूर थोडी कमी होते.

आमच्याकडचा एक नेहमीचा दिवस सांगते. दहा वाजता येणार म्हणून कळवलेल्या दोन बस पावणेअकराला येतात. त्यांतून एकशे दहा मुले आणि सहा शिक्षक उतरतात. त्यांना साडेबारापर्यंत पुढच्या ठिकाणी निघायचे असते, त्याआधी डबे खायचे असतात आणि स्वच्छतागृहासमोर रांग लागायची असते. (आमच्या व्यवसायात शिक्षणपद्धतींवर परिसंवाद पुष्कळ होतात, पण स्वच्छतागृहांच्या संख्येवर एकही होत नाही, आणि माझ्या मते भेटीची वेळ सर्वांत जास्त तीच ठरवते.) हे सगळे वजा जाता हातात चाळीस मिनिटे उरतात, आणि एवढ्या वेळात नऊ दालने ‘दाखवून द्यावीत’ अशी शाळेची अपेक्षा असते. मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मुलांची आगगाडी निघते आणि मी एसटीच्या कंडक्टरसारखी ‘पुढे चला, पुढे सरका’ एवढेच म्हणत राहते.

त्यातच प्रकल्पवही असते. मुलांनी वस्तूंची माहिती लिहून आणावी असे वर्गात सांगितलेले असल्यामुळे ती वही शोकेसच्या काचेवर टेकवून पाटीवरचा मजकूर उतरवून घेतात; वस्तू वहीमागे झाकली जाते आणि कोणाचेही तिच्याकडे लक्ष जात नाही. मुलांना मी दोष देत नाही, कारण पाटीचा मोह संग्रहालयाइतकाच जुना आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२५ मध्ये आजच्या इराकमधील उर येथील उत्खननात वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू एकाच ठिकाणी मांडून ठेवलेल्या आढळल्या आणि त्यांच्यासोबत माहिती कोरलेले मातीचे दंडगोलही मिळाले. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील राजकन्या एन्निगाल्डी-नन्ना हिचा तो संग्रह मानला जातो. म्हणजे आजच्या माहितीप्रमाणे जगातल्या पहिल्या संग्रहालयातही पाटी होतीच. तिथे ती कोणी वहीत उतरवून घेत होते की नाही, हे वुलींना विचारायला हवे होते.

आता ज्या प्रसंगामुळे हा धागा काढला तो सांगते. आमच्याकडे मोहेंजोदडोच्या नर्तकीची प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सहावीतला एक मुलगा तिच्यासमोर बराच वेळ थांबला आणि त्याने विचारले, “बाई, ही इथे ठेवायची म्हणून लहान केली का?” मी म्हणाले की नाही, मूळ मूर्तीही एवढीच आहे, साडेदहा सेंटीमीटर. त्याचा चेहरा पडला. पुस्तकातल्या चित्रात ती अर्धे पान व्यापून उभी असते, त्यामुळे ती एखाद्या चौकातल्या पुतळ्याएवढी असणार, असे त्याने धरून ठेवले होते. त्या रात्री माझ्या लक्षात आले की सहा वर्षे फळ्यासमोर उभी राहून मी ‘नर्तकीची ब्राँझची मूर्ती’ हे शब्द उच्चारत आले, पण तिची उंची एकदाही सांगितली नाही. ती परीक्षेत विचारली जात नव्हती हे एक कारण झाले. खरे कारण असे की माझ्याही डोळ्यांसमोर ती पुरुषभर उंच होती.

चित्राला माप नसते, वजन नसते आणि पाठही नसते. हडप्पा संस्कृतीची मुद्रा पुस्तकात तळहाताएवढी छापलेली असते आणि प्रत्यक्षात बहुतेक मुद्रा दोन-तीन सेंटीमीटरच्या असतात. शिवाय त्यांच्या मागे दोरी ओवायला भोक पाडलेला उंचवटा असतो, तो पुस्तकात कधी दिसत नाही. तो उंचवटा पाहिल्याशिवाय ही वस्तू माणसे जवळ बाळगून वापरत असावीत, हे मुलाला सुचणार कसे? वस्तूचा हा उरलेला अर्धा भाग दाखवणे हेच आमचे काम आहे, असे मला आता वाटते. नऊ दालनांची आगगाडी करून ते होत नाही.

म्हणून गेली काही वर्षे, ज्या शाळा ऐकतात त्यांच्यासाठी, मी मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकाच वस्तूपुढे वीस मिनिटे बसवते. अमेरिकेत ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांनी चित्रे पाहण्यासाठी तीन प्रश्नांची एक पद्धत रूढ केली. ती मी माझ्या बोलीत आणली आहे. इथे काय चाललेले दिसते? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसते? त्यात मी दोन प्रश्नांची भर घातली आहे: याची मागची बाजू कशी असेल, आणि हे उचलायला किती माणसे लागतील? पहिली पाच मिनिटे बरी जातात, पुढची पाच मिनिटे मुले चुळबुळतात आणि शिक्षक घड्याळ पाहतात. त्यानंतर कोणीतरी असे काही बोलते की मला स्वतःलाच वस्तूकडे पुन्हा पाहावे लागते. मधल्या पाच मिनिटांत बाईंनी गप्प राहायचे असते, आणि शाळेतून आलेल्या बाईंना याहून अवघड काम नाही.

सुरुवातीच्या काळात मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत असे. इनामगावचे उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे लहान मुलांची दफने दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून केलेली मिळाली, तर प्रौढांच्या दफनांत घोट्याखालचे पाय तोडलेले आढळले. मृताने उठून चालू लागू नये अशी समजूत असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला. मी हा तर्क मुलांना खात्रीने सांगून मोकळी होत असे. एकदा पाचवीतल्या मुलीने विचारले, “मग चार पायांच्या रांजणात बसवलेल्या त्या माणसाचे पाय का नाही तोडले?” प्रश्न रास्त होता. तो मानाचा माणूस असावा, असाही एक तर्क आहे, पण तोसुद्धा तर्कच. त्या दिवशी मी मुलांसमोर पहिल्यांदा ‘हे नक्की कोणालाच माहीत नाही’ असे म्हणाले. मुले नाराज होतील असे वाटले होते. उलट तोपर्यंत मागे उभी असलेली चार-पाच मुले पुढे सरकली.

माझा प्रश्न शिक्षकमंडळींना आहे. मुले आमच्याकडे दीड तास असतात आणि तुमच्याकडे वर्षभर. भेटीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासाला वर्गात काय होते? आमच्यापर्यंत फक्त आभाराचे पत्र येते, आणि तेही बहुधा मुख्याध्यापकांचे.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ११:३२

ताई, धागा आवडला. मी धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून थोड्या अंतरावरच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. तुमचा प्रश्न आधीच्या आणि नंतरच्या तासाचा आहे. आमच्याकडे मधला तासच नसतो, त्यामुळे उत्तर जरा वेगळे येईल.

पुण्या-मुंबईची संग्रहालये आमच्या मुलांना एखाद्या सहलीतच दिसतात. सहलींसाठी एसटी निम्म्या दराची सवलत देते, तरी उरलेला निम्मा भाग मजुरीवर जाणाऱ्या घराला जड जातो. त्यात परवानगीचे कागद आणि प्रत्येक पालकाचे संमतिपत्र असते, आणि दोनच शिक्षक असलेल्या शाळेत एक सहलीला गेला तर मागे राहिलेल्या मुलांचे काय, हाही प्रश्न असतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे म्हटले आहे. आमची शाळा पाचवीपर्यंतच आहे, तेव्हा तोही योग नाही.

मात्र आमच्याजवळ तेर आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात ‘तगर’ म्हणून उल्लेखलेले व्यापारी नगर ते हेच, असे अभ्यासक मानतात. इथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि आज त्यांच्याच नावाने इथे शासनाचे संग्रहालय आहे. तिथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या अशा मूर्तींशी जवळचे साम्य असलेली एक मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडली, आणि पॉम्पेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. चौथीच्या मुलांना नकाशावर तेर ते पॉम्पेई दोरा लावून दाखवला तेव्हा एकाने विचारले की तिकडच्या पोरांना आपले गाव माहीत आहे का.

आमच्या मुलांची अडचण तुमच्या मुलांच्या नेमकी उलट आहे. गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेला की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि खापऱ्या वर येतात आणि मुले खिसे भरून आणतात. त्यांना वस्तूचे माप, वजन आणि पाठ सगळे ठाऊक असते. वस्तूला काळ असतो, हे मात्र ठाऊक नसते. आजीच्या फुटलेल्या गाडग्याची खापरी आणि सातवाहन काळातली खापरी त्यांच्या खिशात एकत्रच असतात. शिवाय खिशात गेलेली वस्तू कुठे मिळाली हे हरवले की तिचा अर्धा अर्थही हरवतो. म्हणून आता आमचा नियम असा आहे की उचलायचे नाही. जागेवर बसून वहीत चित्र काढायचे, शेजारी मोजपट्टीचे माप लिहायचे आणि मला येऊन सांगायचे. नियम सगळे पाळतात, असे मी म्हणणार नाही.

खापऱ्यांवरून एक आठवले. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने संतांच्या डोक्यावर मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. मी गावातल्या कुंभारांकडून एक नीट भाजलेले आणि एक अर्धवट भाजलेले मडके मागून आणले, मुलांना डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही वाजवले. आवाजावरून सगळ्यांनी बरोबर ओळखले. भट्टीचे तापमान हा विषय पुस्तकातून शिकवायला मला तीन तास लागले असते.

---

खडूस पालक | बुधवार, सकाळी ७:५०

दोन्ही प्रतिसाद वाचले, पण थोडे विरुद्ध बोलतो. माझी मुलगी गेल्या वर्षी शाळेबरोबर पुण्यातल्या केळकर संग्रहालयात जाऊन आली. घरी आल्यावर तिला काय पाहिले ते विचारले, तर तिने ‘अडकित्ते’ एवढेच उत्तर दिले. पाचशे रुपये आणि एक शाळेचा दिवस खर्च करून अडकित्ते पाहायचे असतील तर आमच्या आजोळी दोन आहेत. आता अनेक मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तू संगणकावर चारी बाजूंनी फिरवून पाहता येतात, म्हणजे तुमची ‘पाठ’सुद्धा दिसते. मग बस कशाला?

---

मंद उजेड | बुधवार, दुपारी १:१५

मी वस्तूंच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे मुलांशी माझा संबंध काचेवरच्या बोटांच्या ठशांपुरता येतो. तरी एक गोष्ट इथे मांडावीशी वाटते.

लघुचित्रांच्या दालनात मुले हमखास विचारतात की इथे एवढा अंधार का. त्यावर बहुतेक वेळा ‘नियम आहे’ असे उत्तर मिळते. कागद, कापड आणि जलरंग यांच्यासाठी साधारण ५० लक्स इतकाच उजेड ठेवण्याची पद्धत आहे, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच काही चित्रे थोडे महिने मांडून पुन्हा कपाटात विश्रांतीला पाठवावी लागतात. हे मुलांना समजत नाही असे नाही. खिडकीजवळच्या फळीवरच्या पुस्तकांचे कणे पांढरे का पडतात, घडी घालून ठेवलेली पैठणी घडीवरच का विटते, असे विचारले की ती स्वतःच उत्तरापर्यंत येतात. ‘हात लावू नये’ ही पाटीही अशीच आहे. घामातल्या क्षारांमुळे धातूवर उमटलेला ठसा काही महिन्यांनी कायमचा होतो, हे कारण सांगितले तर मुले स्वतःच एकमेकांचे हात ओढताना मी पाहिली आहेत. नुसते दटावले तर ती पहारेकऱ्याची पाठ फिरण्याची वाट पाहतात.

दहावीच्या इतिहासात ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ असा स्वतंत्र पाठ आहे. तो शिकवताना शिक्षकांनी एखाद्या संग्रहालयाच्या जतन विभागाला दूरध्वनी केला तर आमच्यापैकी बरेच जण आनंदाने बोलतील. आम्हाला फारसे कोणी बोलावत नाही.

---

ओसरी | बुधवार, रात्री ८:४०

@खडूस पालक, तुमच्या मुलीला अडकित्ते आठवले याचा मला आनंदच झाला, आणि यात उपरोध नाही. दिनकर केळकरांनी घरगुती वापराच्या वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, वाद्ये. त्यांच्या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांचा थोडाच भाग मांडलेला असतो. तलवारी आणि सिंहासने सोडून एखाद्या माणसाने सुपारी कातरण्याच्या साधनामागे आयुष्य का घालवले असेल, हा प्रश्न तुमच्या मुलीला विचारून पाहा. आणि आजोळचे दोन अडकित्ते तिच्या हातात द्या. संग्रहालयातला अडकित्ता काचेमागे आहे, आजोळचा हातात येतो. दोन्ही मिळून एक धडा होतो. संगणकावर फिरवलेली वस्तू मला वर्ज्य नाही, मी स्वतः ती वर्गात दाखवते. पण पडद्यावर नर्तकी आणि अशोकाचे सारनाथचे सिंहशीर्ष एकाच उंचीचे दिसतात, आणि त्यातले दुसरे दोन मीटरहून उंच आहे.

@मंद उजेड, पैठणीचे उदाहरण उद्यापासून वापरणार आहे.

@पाटीपेन्सिल सर, मडकी वाजवण्याचा प्रयोग वाचून मी थक्क झाले. इनामगावलाही मिळालेली जोर्वे संस्कृतीची भांडी इतकी चांगली भाजलेली असतात की वाजवल्यावर धातूसारखा नाद येतो, हे मी अकरा वर्षे तोंडी सांगत आले आणि आवाज एकदाही ऐकवला नाही. मूळ भांडी अर्थातच वाजवता येणार नाहीत, पण कुंभारवाडा आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. तुमच्या शाळेत बस येत नसेल तर वस्तू येऊ शकतात का, ते पाहू या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून शाळांपर्यंत नेण्याचा उपक्रम चालवला आहे. आमच्याजवळ बस नाही, पण प्रतिकृतींची एक पेटी आहे, आणि ती बहुतेक वेळ माझ्या टेबलाखालीच असते.

---

बडोदेकर | गुरुवार, सकाळी १०:०५

आमच्या बडोद्याचा अनुभव थोडक्यात लिहितो. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या इथल्या संग्रहालयाची इमारत १८९४ ची आहे आणि त्यात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तिथे मापाचा प्रश्नच येत नाही, कारण मूल दारातून आत आले की आपोआप गप्प होते. अडचण अशी की त्यानंतर त्याला दुसरे काहीच दिसत नाही. ममी पाहून झाली की मग ‘घरी कधी जायचे’. मी विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकत असताना (हा विभाग १९५२ पासून आहे) आम्ही भेटीचा क्रम उलटा करून पाहिला होता. मुलांना आधी अगदी लहान वस्तूंकडे नेले आणि देवमासा शेवटी ठेवला. लहान वस्तूंपुढे मुले जास्त वेळ थांबली. मात्र देवमासा कुठे आहे, हे त्यांना इमारतीत शिरण्याआधीच मोठ्या भावंडांकडून कळलेले होते, त्यामुळे अर्धी मुले वाटेतून निसटली.

जाता जाता, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी येतो. त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, हे कोणाच्याच लक्षात आले नसावे.

---

पाटीपेन्सिल | दोन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:५५

ताई, पेटी मागच्याच्या मागच्या शनिवारी मिळाली. आधी हिशेब देतो: मुद्रांच्या सहा प्रतिकृती, नर्तकी, तोटीचे भांडे, सगळे सुखरूप आहे. भांड्याच्या तोटीला पूर्वीचाच एक टवका आहे. तो आमचा नाही.

तुमची मापांची गोष्ट मनात घोळत होती म्हणून पेटी उघडण्याआधी एक तास वेगळा घेतला. प्रत्येकाला पुस्तकातले चित्र दाखवून नर्तकी खरी केवढी असेल तेवढी उभी रेघ भिंतीवर पेन्सिलीने ओढायला सांगितली. बहुतेक रेघा मुलांच्या खांद्यापर्यंत आल्या, एक तर डोक्याच्याही वर गेली. फक्त दुसरीतल्या एका मुलीने वीतभर रेघ ओढली. कशावरून, असे विचारल्यावर ती म्हणाली की एवढे तांबे लोकांनी आणले असते कुठून. मग पेटी उघडली आणि नर्तकी त्या वीतभर रेघेशेजारी ठेवली. ती रेघसुद्धा जवळजवळ दुप्पट निघाली.

दुसऱ्या दिवशी मोहेंजोदडोचे मोठे स्नानगृह शाळेच्या पटांगणात फक्कीने आखले. बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद. शाळेची सगळी अडतीस मुले आत उभी राहिली आणि तरी लंगडी खेळण्याइतकी जागा उरली. खोली जवळजवळ अडीच मीटर होती, ती पटांगणात दाखवता येईना, म्हणून व्हरांड्याच्या भिंतीवर तेवढ्या उंचीवर निळ्या खडूने आडवी रेघ ओढली. ती दाराच्या चौकटीच्या वर गेली, आणि मग पोहता येत नसलेल्या माणसाचे तिथे काय होत असेल, तो पायऱ्यांवरच थांबत असेल का, यावर अर्धा तास वाद झाला. पायऱ्या दोन्ही टोकांना होत्या हे पुस्तकात लिहिलेले आहे. त्या कशासाठी असाव्यात याचा विचार मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा केला. माझेही तसेच झाले.

बुधवारी केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले. पटांगणातल्या फक्कीबद्दल ते काही बोलले नाहीत, पण भिंतीवरची निळी रेघ पाहून त्यांनी काळजीने विचारले की शाळेत एवढे पाणी कधी चढले होते. तिसरीतली मुलगी उभी राहून म्हणाली, “साडेचार हजार वर्षांपूर्वी, सर.” त्यानंतर मला बरेच स्पष्टीकरण द्यावे लागले.

पेटी अजून पंधरा दिवस ठेवून घेतली तर चालेल का? शेजारच्या वस्तीशाळेच्या बाईंनीही मागितली आहे.

---

ओसरी | सोमवार, रात्री १०:२०

महिनाभर ठेवा, सर. परत पाठवण्याची घाई करू नका, फक्त मुद्रांच्या ठशांसाठी शाडूची माती वापरा. गव्हाची कणीक वापरली तर कोरीव भागात अडकून राहते आणि मग मुंग्या लागतात. दुसरीतल्या त्या मुलीने तांब्याबद्दल जे विचारले ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठवा. नर्तकीच्या पाटीखाली थोडी जागा रिकामी आहे.